काळी दोनचा पखवाज

गेल्या श्रावणात सप्त्याच्या चौथ्या दिवशी, दुपारच्या सेवेत माझा आवाज फुटला. रूपाच्या अभंगाचं तिसरं चरण, तार षड्ज, आणि गळ्यातून नुसती हवा. मांडव गच्च भरलेला. पेटीवर बसलेल्या महाराजांनी ती ओळ स्वतःच उचलून पूर्ण केली आणि संपल्यावर, माईक चालू असताना, शेजारच्या टाळकऱ्याला म्हणाले, "बायकांचा रियाज नसतो हो." मी घरी पोहोचायच्या आत ते वाक्य नागापुरात आमच्या गल्लीत पोहोचलं होतं.

रियाज नसतो म्हणे! अकरा वर्षं दर गुरुवारी आमचं भजन आहे. मंडळातल्या निम्म्या जणींच्या घरी एमआयडीसीची शिफ्ट. डबे भरून, पोरं झोपवून बसतो आम्ही. आमची पट्टी ठरलेली आहे, काळी चार. त्या पट्टीत मी दोन तास गाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवाल्याशी नीट बोलतेही.

त्या दिवशी वादक सप्त्याचेच होते. पेटीचा सूर लागला तसा तो वर आहे हे मला कळलं. मी वाकून म्हटलं, "महाराज, पट्टी खाली घ्या, आम्ही काळी चारला म्हणतो." ते हसले. "ताई, पखवाज काळी दोनला लावलाय, रात्रीच्या कीर्तनासाठी. आता तो उतरवत नसतात. तुम्ही म्हणा, येतं सगळं." पखवाजवाल्यानंही हातोडी पिशवीत टाकून पिशवीचं तोंड आवळलं. पुढच्या रांगेत आमच्याच बायका, सासूबाई, शाळेतल्या बाई. वेळ दोनची, आणि घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झालेली. मी टाळ उचलले. माझी चूक तेवढीच, आणि ती मी मान्य करते.

धृपद निघालं. दुसरं चरणही निघालं. म्हणूनच फसायला होतं, कारण धृपद मध्य सप्तकातच फिरत असतं आणि आपल्याला वाटतं, जमतंय की. खरी परीक्षा वरच्या चरणाला. काळी चारला माझा तार षड्ज म्हणजे गळ्यातले स्वरपडदे सेकंदाला साधारण 415 वेळा एकमेकांवर येतात. काळी दोनला तोच तार षड्ज साधारण 620 वेळा. अभंग तोच, चाल तीच, पण गळ्यावरचा भार दीडपट. त्यात चाळीस टाळ, आणि दोन्ही भोंगे रस्त्याकडे तोंड करून. स्वतःचा आवाज ऐकू येईना, म्हणून मी आणखी जोर लावला. तिथंच तो तुटला.

त्यानंतर तीन आठवडे आवाज घोगरा. लवंग झाली, कंकोळ झाला, ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं. शेवटी नगरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरपडद्यांना सूज आहे. दहा दिवस मौन. कुजबुजायचंही नाही, त्यानंही ताण येतो. खाकरायचं नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला इतक्या वर्षांत कुणी सांगितली नव्हती: आपण गिळतो ते अन्ननलिकेत जातं, स्वरपडद्यांना शिवतही नाही. काढ्यानं घशाला बरं वाटतं, एवढंच. पडद्यांपर्यंत पोहोचते ती वाफ, आणि दिवसभर घोट घोट प्यायलेलं पाणी आतून ओल ठेवतं. मी त्या दिवशी उपवास धरला होता आणि सकाळपासून एक कप चहावर होते.

त्या दहा दिवसांत पाटीवर लिहून बोलत होते, तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकानं मला कुमार गंधर्वांचं उदाहरण दिलं. एका फुप्फुसावर गायले, मनाची ताकद पाहिजे, वगैरे. खरं आहे ते. पण त्याआधी क्षयामुळे ते देवासला काही वर्षं न गाता राहिले, हे कुणीच सांगत नाही. ती वर्षं त्यांनी गप्प राहून काढली म्हणून पुढचं गाणं झालं.

आवाज परत आल्यावर मी सावेडीतल्या एका बाईंकडे गेले. संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. मला वाटलं, त्या रियाज वाढवा म्हणतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेटी पुढे ओढली, अंगठा मंद्रातल्या काळी चारवर ठेवला आणि करंगळी वरच्या काळी दोनवर. भाता ओढला. दोन्ही सूर एकमेकांत असे मिसळले की तानपुरा सुरू झाल्यासारखं वाटलं.

"काय वाजतंय?" त्यांनी विचारलं.

"सा आणि पंचम."

"मग पखवाज उतरवायचा कशाला? तुम्ही काळी चारला गायचं, त्यांचा पखवाज पंचमात वाजला असता. काहीच करावं लागलं नसतं."

मी त्या दोन बोटांकडे बघत बसले. काळी चारपासून एकेक पट्टी मोजली. सातवी पट्टी काळी दोन. रोज पेटीवर बसणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल? ठाऊक नसेल तर त्यांनी दुसऱ्याच्या रियाजावर बोलू नये. ठाऊक असून सांगितलं नसेल, तर त्याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

आता ते लोकांना सांगतात की पट्टी ताईंनीच मागितली होती. माझ्या लेकीनं फोनवर केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये, पहिल्याच मिनिटाला, 'महाराज, पट्टी खाली घ्या' हे माझे शब्द स्वच्छ ऐकू येतात. ज्याला शंका असेल त्यानं घरी यावं, चहा घ्यावा आणि ऐकावं.

तर ज्या जणी यंदा सेवा देणार आहेत त्यांच्यासाठी.

आपली पट्टी धृपदावरून ठरवू नका. सगळ्यात चढ्या अभंगाचं सगळ्यात वरचं चरण घ्या, दीड तास भजन झाल्यानंतर म्हणून बघा, आणि ते जिथं सहज निघतं ती आपली पट्टी. ती वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. वादक आपले नसतील तर आदल्या दिवशीच निरोप द्या, मांडवात बसल्यावर नव्हे. पखवाज आपल्या षड्जात नसेल तर तो आपल्या पंचमात किंवा मध्यमात बसतो का, ते पेटीवर पट्ट्या मोजून बघा: पंचम सातवी, मध्यम पाचवी. बसायचं तेही असं की पेटीवाल्याची बोटं आपल्याला दिसतील. सूर वर गेलेला कानाला उशिरा कळतो, डोळ्याला लगेच.

टाळकऱ्यांनी धृपद उचललं की आपण ओठ मिटायचे. मी अकरा वर्षं त्यांच्याबरोबरही गात होते, उत्साहात. दोन तासांत एक तास गळ्याला विश्रांती मिळू शकते, ती मी फुकट घालवत होते. श्वास कुठे घ्यायचा तिथं वहीत लाल पेनानं टिंब करा, म्हणजे चरणाच्या शेवटी ओढाताण होत नाही. साउंडवाल्या पोराला एक बॉक्स आपल्याकडे तोंड करून ठेवायला सांगा. शिट्टी येईल असं तो म्हणेल. बॉक्स माईकच्या पाठीमागच्या बाजूला ठेव आणि आवाज बारीक कर, म्हणावं. माईक तोंडापासून चार बोटांवर, त्याहून लांब नको.

पहाटे खर्जाचा रियाज करा, झोप पूर्ण घ्या, तेलकट टाळा. हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण मनमाड रस्त्याच्या धुळीतून जाताना तोंडाला ओढणी बांधा, आणि तीन आठवडे घोगरेपणा गेला नाही तर काढे सोडून डॉक्टर गाठा, एवढं तरी करा.

आणि पट्टी मिळत नसेल तर सेवा सुरू करू नका. दोन वाजून गेलेले असोत, सासूबाई समोर बसलेल्या असोत. टाळ खाली ठेवून नुसता नामजप करायचा. त्याला पखवाज लागत नाही.

यंदा आमची सेवा सहाव्या दिवशी आहे. पेटीवर तेच असणार, असं कळलंय. बाईंनी दाखवलेली ती दोन बोटं मी मंडळातल्या अठराही जणींना पेटीवर ठेवायला लावलीत. गुरुवारी शेवटची तालीम.