घटना वदवून घेणे म्हणजे उपचार नव्हे

परभणी जिल्ह्यात, मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांप्रमाणेच, शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या कुटुंबांच्या वाट्याला जे येते, त्यात मानसिक आघातावर उपचार करू पाहणाऱ्या प्रत्येकासाठी एक इशारा दडलेला आहे. कर्ता माणूस गेल्यावर त्याच्या पत्नीला, आईवडिलांना आणि कधीकधी शाळकरी मुलांनाही तीच हकिकत पोलिसांच्या पंचनाम्यात, तलाठ्यापुढे आणि एक लाख रुपयांच्या सानुग्रह मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र हे ठरवणाऱ्या चौकशीत सांगावी लागते, आणि त्यानंतर सांत्वनाला येणारे पुढारी, पत्रकार व नातेवाईक तीच पुन्हा विचारतात. बोलल्याने मन मोकळे होते या समजुतीपोटी हे सारे सहन केले जाते. परंतु ज्या कथनाची वेळ, वेग आणि श्रोता यांपैकी काहीच सांगणाऱ्याच्या हाती नसते, ते कथन जखम भरून काढत नाही, उलट ती ताजी ठेवते.

जिवावर बेतणारा किंवा माणसाला पूर्णपणे हतबल करणारा प्रसंग अनुभवल्याने अथवा पाहिल्याने मनावर जो खोल परिणाम होतो, त्याला आघात म्हणतात. त्यानंतर झोप उडणे, तोच प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहणे, बारीकशा आवाजानेही छातीत धस्स होणे किंवा घटनेशी निगडित जागा टाळणे ही सुरुवातीची स्वाभाविक प्रतिक्रिया असून, घरच्यांच्या आधाराने बहुतेकांची ती काही आठवड्यांत ओसरते. ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली आणि रोजचे जगणे अडू लागले, तर ‘आघातोत्तर तणाव विकार’ असे निदान केले जाते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये आपल्या वर्गीकरणात या विकाराला स्थान दिले. लहान मुलांत मात्र तो वेगळ्या रूपात दिसतो, कारण जे शब्दांत सांगता येत नाही ते मूल अंथरुणात लघवी करून, वारंवार पोट दुखल्याचे सांगून, शाळेत जायला नकार देऊन किंवा घटनेचाच खेळ पुन्हा पुन्हा मांडून व्यक्त करते. अशा मुलाला हट्टी ठरवून मारणे किंवा ‘बाहेरचे झाले’ म्हणून मांत्रिकाकडे नेणे यात उपचाराचा मोलाचा काळ वाया जातो.

आपत्तीनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून घटनेचा तपशील वदवून घ्यावा, अशी एक पद्धत काही काळ जगभर रूढ होती. तिच्यामुळे पुढील विकार टळत नाही, काहींना तर त्रासच होतो, असे अभ्यासांतून दिसल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने ती वापरू नये असे सुचवले आणि तिच्याऐवजी ‘मानसिक प्रथमोपचार’ पुढे आणला, ज्यात सुरक्षितता, अन्नपाणी, आप्तांशी गाठभेट आणि खरी माहिती यांची सोय आधी केली जाते व माणसाला बोलायचे असेल तेवढेच ऐकले जाते. याच संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शनात, आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात केवळ तणाव उतरावा म्हणून सवय लावणाऱ्या झोपेच्या व गुंगीच्या गोळ्या देऊ नयेत असेही सांगितले आहे. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी आणून देणाऱ्या घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले : सुरक्षितता, स्मरण व शोक, आणि जगाशी पुन्हा जोडले जाणे. यांतील पहिला टप्पा परभणीच्या एखाद्या खेड्यात केवळ मनाचा राहत नाही, कारण सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागेपर्यंत, सावकाराचा तगादा थांबेपर्यंत आणि सासरच्या घरात आपली जागा टिकेल याची खात्री पटेपर्यंत विधवा स्त्रीला सुरक्षित वाटणे शक्य नसते. म्हणून तलाठी, ग्रामसेवक आणि शिक्षक यांनी हे प्रश्न वेळेत सोडवणे हाही उपचाराचाच भाग ठरतो. कीटकनाशकाचे डबे घरातून हलवून कुलपात ठेवणे ही याच टप्प्यातली साधी, पण जीव वाचवणारी खबरदारी आहे.

दुसऱ्या टप्प्यात मात्र प्रशिक्षित व्यक्तीच हवी. मुलांसाठी ‘आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचार’ ही सर्वाधिक अभ्यासलेल्या पद्धतींपैकी एक असून, तिच्यात मूल आणि त्याचा पालक या दोघांनाही आधी भीती ओळखायला व शरीर शांत करायला शिकवले जाते, आणि त्यानंतरच चित्र, खेळ वा लेखन यांतून घटनेची कथा थोडी थोडी मांडून ‘माझ्यामुळे बाबा गेले’ यासारख्या समजुती दुरुस्त केल्या जातात. प्रौढांसाठी टाळलेल्या आठवणींना टप्प्याटप्प्याने सामोरे नेणारा उपचार आहे. तसेच फ्रान्सिन शापिरो यांनी १९८० च्या दशकाअखेरीस विकसित केलेली, आठवण मनात धरून डोळ्यांच्या डावी-उजवीकडील हालचाली करवणारी पद्धतही आहे, जी जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठीही योग्य मानली आहे. या सर्व पद्धतींत कथन असतेच. फरक इतकाच की ते तयारीनंतर होते आणि थांबण्याचा अधिकार सांगणाऱ्याकडे राहतो.

मुलाशी खोटे बोलणे हा या टप्प्यातील मोठा अडसर ठरतो, कारण ‘बाबा गावाला गेलेत’ असे सांगितलेल्या मुलाला खरे काय ते शाळेत किंवा पारावर कळते आणि घरच्यांवरचा त्याचा विश्वास उडतो. मृत्यू झाला आहे, त्यात मुलाचा दोष नाही आणि त्याला सांभाळणारे माणूस घरात आहे, या तीन गोष्टी त्याच्या वयाला समजतील अशा शब्दांत सांगाव्यात.

तिसऱ्या टप्प्याचे महत्त्व ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर दिसून आले, जेव्हा भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने सुमारे १,२०० भूकंपग्रस्त मुलांना पुण्यात शिक्षणासाठी आणले. शाळा, सवंगडी आणि ठरलेला दिनक्रम यांनी जगणे पुन्हा मार्गी लागते. मात्र मूल दूर ठेवावे लागले तरी आईशी व गावाशी त्याचा संबंध तुटू न देणे तितकेच आवश्यक असते.

गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या भागांतील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी कित्येक महिने गाव सोडतात, त्यामुळे दर आठवड्याला त्याच समुपदेशकाकडे येणे त्यांना जमत नाही आणि उपचार मध्येच सुटतो. कथनाचा टप्पा स्थलांतराच्या तोंडावर सुरू न करणे आणि मधल्या काळात फोनवरून संपर्क ठेवणे हा त्यावरचा व्यवहार्य मार्ग आहे. शेतकऱ्यांना समुपदेशन मिळावे म्हणून राज्य शासनाने २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत सुरू केलेला ‘प्रेरणा’ प्रकल्प परभणीतही आला, २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ची मोफत समुपदेशन सेवा मिळते, आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने शासकीय यंत्रणेकडून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

तेव्हा दुःखी घरी जाणाऱ्या प्रत्येकाने ‘काय झाले?’ हा प्रश्न मागे ठेवून ‘काय हवे आहे?’ एवढेच विचारावे, आणि महिना उलटूनही त्रास कमी झाला नाही, किंवा जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले तर त्याच क्षणी, त्या माणसाला एकटे न सोडता जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात न्यावे.