डॉक्टरांचे कपडे आणि रुग्णाचा विश्वास

शंका : माझ्या वडिलांना हृदयाचा त्रास आहे. नेहमीचे डॉक्टर सुट्टीवर होते, म्हणून त्यांच्या जागी बसलेल्या तरुण डॉक्टरांना दाखवलं. ते जीन्स-टीशर्टमध्ये होते. तपासलं व्यवस्थित, पण वडील त्यांनी दिलेल्या गोळ्या घ्यायला तयार नाहीत. "हा कसला डॉक्टर!" म्हणतात. समजूत कशी घालू? – एक वाचक, सांगली

समाधान : आजच नेहमीच्या डॉक्टरांशी वडिलांचं फोनवर बोलणं करून द्या. हृदयाच्या गोळ्यांत खंड पडता कामा नये.

पण वडिलांना हट्टी ठरवू नका. डॉक्टरला किती येतं, हे रुग्णाला तपासता येत नाही. त्याला दिसतात कपडे, नखं, बोलण्याची पद्धत, आणि तेवढ्यावरच त्याला जीव हवाली करायचा असतो. अमेरिकेतल्या १० शिक्षण-रुग्णालयांतल्या ४,००० हून अधिक रुग्णांना वेगवेगळ्या पोशाखांतल्या डॉक्टरांचे फोटो दाखवून मतं विचारली गेली. ही पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. डॉक्टरचा पोशाख आपल्याला महत्त्वाचा वाटतो, असं निम्म्याहून अधिक जणांनी सांगितलं. सर्वाधिक पसंती नीटनेटक्या कपड्यांवर पांढरा कोट, याला होती. सर्जन आणि इमर्जन्सीतल्या डॉक्टरांसाठी मात्र त्यांना ओटीचे कपडेच योग्य वाटले. म्हणजे रुग्ण डोळे मिटून कोटाला भुलत नाही, कामाला साजेसा वेष शोधतो.

पांढरा रंग आला तोही स्वच्छतेसाठी. थॉमस इकिन्स या अमेरिकन चित्रकाराच्या १८७५ च्या चित्रात डॉ. ग्रॉस काळ्या कोटात शस्त्रक्रिया करताना दिसतात. त्याच्याच १८८९ च्या चित्रात डॉ. ॲग्न्यू पांढऱ्या कपड्यांत आहेत. मधल्या काळात ब्रिटिश सर्जन लिस्टर यांचे जंतुनाशनाचे विचार रुजत गेले होते. म्हणूनच बाहीवर बीटाडिनचे डाग असलेला ॲप्रन घालून टपरीवर चहा पिणारे रेसिडेंट पाहिले, की मला राग येतो. तोच ॲप्रन पुन्हा वॉर्डात जातो. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत २००८ पासून रुग्ण तपासताना कोपराखाली बाही नको, मनगटावर घड्याळ नको, असा दंडक आला. हात नीट धुता यावेत, हे त्यामागचं कारण. आपल्याकडेही तो हवा.

शंका : मी जिल्हा रुग्णालयात इंटर्न आहे. अंगात ॲप्रन, गळ्यात स्टेथो, तरी रुग्ण विचारतात, "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?" सोबतच्या मुलाला मात्र पहिल्या दिवसापासून "डॉक्टरसाहेब". – एक वाचक, धाराशिव

समाधान : तुमच्या पोशाखात काही कमी नाही. स्त्री डॉक्टर ॲप्रनमध्ये असली तरी तिला नर्स समजलं जातं, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलं आहे. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, तरी ही सवय सुटत नाही, याचं वाईट वाटतं.

नाडीला हात लावण्याआधी सांगा, "मी डॉक्टर अमुक. आज तुम्हाला मी तपासणार आहे." छातीवरचा बिल्ला बघा : बारीक इंग्रजी अक्षरं, त्यात तो उलटा फिरलेला. खाटेवरच्या आजींनी चष्म्याशिवाय तो कसा वाचायचा? नाव आणि 'डॉक्टर' हा शब्द ठळक मराठीत लावा. सिस्टर म्हटल्याचा अपमान मानू नका. वॉर्ड त्यांच्याच जिवावर चालतो. पण रुग्णाला कोण काय करणार हे कळलं पाहिजे, आणि राउंडवर "या तुमच्या डॉक्टर" अशी ओळख करून देणं हे वरिष्ठांचं काम आहे. ते त्यांच्याकडे आग्रहाने मागा.

शंका : दवाखान्यात वरचं बीपी १५०, घरी १२८. पांढऱ्या कोटामुळे वाढतं म्हणतात. डॉक्टरांना कोट काढायला सांगू का? – एक वाचक, ठाणे

समाधान : गरज नाही. नाव 'व्हाइट कोट हायपरटेन्शन' असलं, तरी बीपी वाढतं ते तपासणीच्या ताणाने. इटलीत मान्चिया आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये सतत नोंद ठेवून दाखवलं, की डॉक्टर खाटेपाशी आले की दाब चढतो.

आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजा. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, दंड हृदयाच्या पातळीवर, दोन नोंदी. सरासरी १३५/८५ च्या खाली असेल तर चांगलं, पण वही डॉक्टरांना दाखवा. अशा काही लोकांचं बीपी पुढे खरोखरच वाढतं, म्हणून दरवर्षी तपासणी हवी. आणि गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका.