चौकट हाच माग

घोंगडीचे माग घाटावर. सनगर मंडळी खड्ड्यात पाय सोडून ज्या मागावर बसतात, तो आमच्या शहापूर-मुरबाडकडे सहसा बघायलाही मिळत नाही. आमच्याकडे घोंगडी येते ती विणून झालेली, पौष पौर्णिमेला भरणाऱ्या म्हसा गावच्या यात्रेत. मुरबाड-कर्जत रस्त्यावरची ही खांबलिंगेश्वराची यात्रा बैलबाजारासाठी जितकी गाजलेली, तितकीच घोंगड्यांसाठी. तरीही पलंगाच्या उशाला लोकरीची विणलेली पाठ असावी, असं माझ्या मनात होतं. फर्निचरवाले हेडबोर्ड म्हणतात, तीच. ती मी घरीच विणली. मग ओळखीतल्या आणखी काही जणींनी विणल्या. त्यातून हाताला जे कळलं, ते लिहिते.

१. मागाकडे बघू नका, बाजेकडे बघा.

ज्याला बाज विणता येते, त्याला हे काम निम्मं येतंच. बाजेला कुठे माग लागतो? चार खूर, चार लाकडं आणि सुंभ. ताण लाकडं धरून ठेवतात आणि झोळ पडला की पायथ्याकडचा दोर ओढून घ्यायचा. माग तरी दुसरं काय करतो? उभे धागे ताणून धरतो आणि एकाआड एक उचलून देतो. पहिलं काम वर-खाली खिळे मारलेली लाकडी चौकट करते, दुसरं बांबूची कामटी.

आमच्या शेजारचे बाबा गावाच्या बाजा विणून देतात. माझी चौकट दिसल्यावर हे काय नि कशाला, असं त्यांनी काही विचारलं नाही. उभ्या दोऱ्यांवरून बोट फिरवत गेले आणि एका दोऱ्यापाशी थांबले. ‘‘ह्यो झोपलाय.’’ बाकीचे दोरे बोट लागताच टणटण वाजत होते, हा नुसता हलत होता. त्यांनी तो खिळ्यावरून काढला नाही. तिथपासून एकेक दोरा चिमटीत धरून ओढत, ती ढिलाई पुढच्या खिळ्यावर, तिथून त्याच्या पुढच्या, अशी शेवटच्या खिळ्यापर्यंत नेली आणि तिथली गाठ सोडून पुन्हा मारली. सगळा ताणा, म्हणजे उभे दोरे, एकाच सलग दोऱ्याचा असतो, म्हणूनच हे जमतं. मध्येच गाठी मारत तुकड्या-तुकड्यांनी ताणा घातला, तर एक दोरा दुरुस्त करायला दहा सोडावे लागतात.

२. चौकटीत कंजुषी नको.

पलंग पाच फुटी असेल आणि खिळे अर्ध्या इंचावर मारले, तर सव्वाशेच्या आसपास उभे दोरे होतात. एकटा दोरा काही जोर करत नाही. सगळे मिळून वरची पट्टी मध्ये वाकवतात आणि विणकाम मधोमध ढिलं पडतं. म्हणून लाकूड जाड घ्या आणि मध्ये एक उभा टेकू द्या. तो मागच्या बाजूने राहतो, दिसत नाही. नवं सागवान घ्यायची गरज नाही. गावोगाव कौलारू घरं उतरवून स्लॅब पडतायत, जुन्या दारांच्या चौकटी आणि वासे कुणाच्या ना कुणाच्या पडवीत पडलेले असतात. मुरलेलं लाकूड आता आणखी वाकडं होत नाही, हा त्याचा मोठा गुण.

सुतारदादा चौकट करून गेले की तिचे दोन्ही कर्ण दोरीने मोजून बघा, सारखेच भरले पाहिजेत. खिळे एका रेषेत मारू नका. एक वर, एक खाली असे दोन ओळींत मारा, नाहीतर लाकूड रेषेवर फाटतं. खिळ्यांची डोकी किंचित बाहेर कललेली असू द्या, म्हणजे दोरा निसटत नाही.

३. उभा दोरा सुताचाच.

लोकरीचा ताणा सनगरांनाच शोभतो. ते त्याला चिंचोक्याची खळ लावून कडक करतात, आणि ती कला एका दुपारी येत नाही. नायलॉन ताणला की वाढतो. सुतळी आमच्या पावसाळ्यात कुबट होते. पिळाचा जाड सुती दोरा बरा. ओला झाला तर सुताचा जोर वाढतो, लोकरीचा कमी होतो. एवढा फरक ध्यानात ठेवला तर उभं काय नि आडवं काय, हा प्रश्नच उरत नाही.

४. दुकानातली ‘लोकर’ बहुधा लोकर नसते.

बाजारपेठेत विणकामाची म्हणून जी गुंडी मिळते, ती बऱ्याचदा ॲक्रिलिक असते. ओळखायचं सोपं आहे. धाग्याचं टोक काडीवर धरा. खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि तिची राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक वितळून त्याचा टणक मणी होतो. स्वेटरला ते चालतं. पलंगाच्या पाठीला मात्र वर्षभरात गोळे धरतात आणि डोकं टेकतं तिथे चकाकी येते.

आपल्याला हवी ती दख्खनी मेंढीची लोकर: भरड, काळी, टोचणारी. अंगाला टोचते म्हणून तिला नावं ठेवतात, पण उभ्या पाठीला तोच गुण. ती दबत नाही, झिजत नाही आणि काळी असल्याने रंगवावीही लागत नाही. ती मिळवायला लांब जायला नको. भात कापून झालं की पारनेरकडचे धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात, पार भिवंडी-वाड्यापर्यंत येतात. शेतकरी खतासाठी खाचरात मेंढरं बसवून घेतात, बदल्यात धान्य नाहीतर पैसे देतात. मेंढी वर्षातून दोनदा कातरतात, पण कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही, असं धनगर सांगतात. मेंढी आता मटणासाठी पाळली जाते, आणि माडग्याळी मेंढीच्या अंगावर तर फारशी लोकरच नसते. एकीकडे लोकर उकिरड्यावर जाते आणि दुसरीकडे आपण दुकानातून प्लॅस्टिकचा धागा आणतो, याचा मला राग येतो. तळावरच्या एखाद्या मावशीला टकळीवर काढलेलं सूत मिळेल का, असं विचारून बघा. विचारणारं कुणी भेटलं, याचंच तिला आधी नवल वाटतं. पाच बाय दोन फुटांच्या पाठीला दीड-दोन किलो धरून चाला.

५. लोकर धुवायची तर विहिरीला पाणी असताना.

हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणं आमच्याच शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे पाडेही आमच्याच तालुक्यात. कच्च्या लोकरीला मेंढीचा तेलकटपणा आणि वास असतो, तो एका पाण्यात जात नाही. डिसेंबर-जानेवारीत धुऊन घ्या. कोमट पाणी, रिठ्याचा फेस. बुडवून ठेवायची, चोळायची नाही. चोळलं किंवा गरम पाण्यातून एकदम गारात टाकलं की लोकर एकमेकीत बसते आणि तिचा नमदा होतो. सावलीत वाळवा. थोडा वास राहतोच, पहिल्या उन्हाळ्यात तोही उडतो.

६. लोकरीचं सूत नाही मिळालं, तर जुनी घोंगडी.

वापरून वापरून घोंगडीची लोकर इतकी घट्ट बसलेली असते की कापली तरी कडा फारशा उसवत नाहीत. दोन बोटं रुंदीच्या लांब पट्ट्या कापा आणि धाग्याऐवजी त्याच विणा. काम झपाट्याने सरकतं आणि पाठ जाड, भारदस्त होते.

अडचण कापण्यात नाही, कापू देण्यात आहे. मी कातरी काढली तशा सासूबाई आडव्या आल्या. ‘‘तुझ्या सासऱ्यांनी पावसाळे काढलेत त्या घोंगडीत. लावणीला खोळ करून जायचे.’’ मी कातरी ठेवून दिली. चार दिवसांनी त्यांनीच घोंगडी उलगडली, कसरीने खाल्लेला मधला भाग हाताने दाखवला आणि म्हणाल्या, ‘‘एवढा घे. काठाची बाजू राहू दे.’’ ती काठाची बाजू अजून त्यांच्या ट्रंकेत आहे. देव्हाऱ्यातल्या किंवा कुलाचाराच्या घोंगडीबद्दल तर विचारूसुद्धा नका.

७. आडवा धागा ओढायचा नाही, ठेवायचा.

नव्या हाताला घट्ट विणायची हौस असते. प्रत्येक फेरीत धागा जरासा ओढला जातो आणि हातभर विणून होईतो दोन्ही कडा आत येऊन पाठीला कंबर निघते. धागा सरळ टाकू नका; कमानीसारखा सैल टाका आणि मग फणीने मधून कडांकडे दाबत आणा. कमानीत जास्तीचा धागा असतो, तो उभ्या दोऱ्यांच्या वरखाली जाण्यात खर्ची पडतो. रुंदीइतकी एक काठी कापून जवळ ठेवा आणि अधूनमधून विणीवर आडवी धरून बघा.

एकाआड एक दोरा उचलायला रुंद कामटी ओवून ठेवायची, ती उभी केली की वाट उघडते. परतीच्या फेरीला उरलेले दोरे बोटांनीच उचलावे लागतात. वर पोचता पोचता जागा इतकी अरुंद होते की कामटी उभीच राहत नाही. तिथून पुढे दाभण. शेवटची चार बोटं दाभणाने ओवायला खालच्या हातभर विणीइतका वेळ लागतो. संध्याकाळी पाहुणे येणार असतील तर तो भाग काढूच नका.

८. रंगाचा सोस बेताचा ठेवा.

माघ-फाल्गुनात आमची रानं पळसाने पेटलेली असतात, फुलं फुकट. तुरटी घालून उकळलं की लोकरीवर सुरेख पिवळा चढतो, पण खिडकीच्या उन्हात उतरतोही लवकर. हिरड्याच्या पाण्यात गंजके खिळे टाकून निघणारा राखाडी-काळा जास्त टिकतो. मला विचाराल तर काळ्या लोकरीत पांढऱ्याचा एखादा पट्टा, बस.

९. पाठ पलंगाला नट-बोल्टने बसवा.

खिळे ठोकून कायमची केली तर ती पावसाळ्यात मरते. आमच्याकडे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, भिंती आतून घाम फुटल्यासारख्या ओलावतात. लोकर स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास ओल पिऊनही हाताला कोरडीच लागते, म्हणून फसायला होतं. भिंत आणि पाठ यांच्यात चार बोटं फट हवी.

ओलीपेक्षा कसर वाईट. अंधाऱ्या, न हलणाऱ्या, मागच्या बाजूला ती अंडी घालते आणि भोकं दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. आश्विनातलं कडक ऊन पडलं की बोल्ट काढा, पाठ अंगणात उलटी टाका, वेताच्या काठीने झटका, संध्याकाळपर्यंत ऊन दाखवा. मग टेकूच्या मागे वाळवलेल्या निर्गुडीच्या पाल्याच्या पुरचुंड्या खोचून पुन्हा बसवा. ऊन दाखवताना उभ्या दोऱ्यांवरून एकदा बोटही फिरवून घ्या. पावसाळ्यानंतर एखादा झोपलेला सापडतोच.