फवारणीचं औषध आणि अंगावरचं दूध

प्रश्न : बाळ तीन महिन्यांचं आहे. आमची कपाशी आहे. मालकांचे फवारणीचे कपडे मीच धुते. औषध अंगावरच्या दुधात उतरतं म्हणे. दूध तोडून डब्याची पावडर सुरू करू का?
– एक वाचक, कुंभार पिंपळगाव (जि. जालना)

उत्तर : ताई, दूध तोडू नका. कीटकनाशकांचा अंश आईच्या दुधात सापडतो, हे खरं. डीडीटीसारखी जुनी औषधं तर चरबीत वर्षानुवर्षं साठून राहतात. पण अंश सापडला म्हणजे दूध विषारी झालं, असं नव्हे. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला कायम आहे. आणि पावडर कालवायला पाणी कुठलं? त्याच शिवारातल्या बोअरचं!

औषधांवर लगाम घालणं सरकारचं काम, आणि तिथे ढिलाई आहे. आपला कीटकनाशक कायदा १९६८ चा. एंडोसल्फान थांबवायला २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला.

तुम्ही कपडे सांभाळा. ते घराबाहेरच उतरवायला लावा, रबरी हातमोजे घालून वेगळे धुवा. बाळाची दुपटी त्या बादलीत नकोत. अंघोळ केल्याशिवाय मालकांनी बाळाला घेऊ नये. औषध तुम्ही कालवू नका. चक्कर, उलटी, अंधुक दिसणं जाणवलं, तर औषधाचा डबा घेऊन लगेच दवाखाना गाठा.