अंतिम पात्रता फेरी आणि वैद्याचे भाकीत

या स्मरणिकेसाठी ‘कमी वजनाच्या नवजात बालकांचा पाठपुरावा’ या विषयावर लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना होती. विषय माझ्या नित्याच्या व्यवसायातला आहे. तथापि कोष्टके आणि टक्केवारी देण्याऐवजी तीच गोष्ट जरा वेगळ्या वाटेने सांगावी, असे मनात आले. ही वाट गोल्फच्या मैदानावरून जाते. आपल्या बडोद्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात गोल्फचे मैदान आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. मी स्वतः हा खेळ खेळत नाही. दूरचित्रवाणीवर पाहणारा आणि त्याचा इतिहास आवडीने वाचणारा एक रसिक एवढेच. त्या वाचनात अमेरिकेच्या खुल्या अजिंक्यपद स्पर्धेची, म्हणजे ‘यू. एस. ओपन’ची, पात्रता फेरी माझ्या परिचयाची झाली. तिच्यातून जे शिकलो, ते बालरोगतज्ज्ञ म्हणून मला फार आधी उमजायला हवे होते.

पात्रता फेरीचे स्वरूप

गोल्फच्या चार प्रमुख स्पर्धांपैकी यू. एस. ओपन ही एक. प्रत्यक्ष स्पर्धेत १५६ खेळाडू उतरतात. त्यांपैकी सुमारे निम्म्यांना पूर्वीच्या कामगिरीमुळे थेट प्रवेश मिळतो. उरलेल्या जागा मात्र खऱ्या अर्थाने खुल्या असतात. व्यावसायिक खेळाडू अर्ज करू शकतो, तसाच ठरावीक दर्जा गाठलेला हौशी खेळाडूही करू शकतो. मग तो शाळकरी मुलगा असो, महाविद्यालयाचा प्रशिक्षक असो वा दिवसभर दुकान सांभाळून संध्याकाळी सराव करणारा गृहस्थ असो. २०२५ साली या स्पर्धेसाठी १०,२०२ अर्ज आले होते.

ही चाळणी दोन टप्प्यांची आहे. पहिला टप्पा स्थानिक, १८ होलचा. तो शंभराहून अधिक ठिकाणी होतो. दुसरा टप्पा म्हणजे अंतिम पात्रता फेरी. तीत एकाच दिवसात ३६ होल खेळावे लागतात. पहाटे सुरुवात होते आणि कित्येकदा अंधार पडेपर्यंत खेळ चालतो. खेळाडूची दिवसभरात १५-१६ किलोमीटरांची तरी चाल होते. बहुतेक केंद्रांवरील फेरी एकाच सोमवारी होत असल्याने तिकडे त्या दिवसाला ‘गोल्फचा सर्वांत लांब दिवस’ असे नाव पडले आहे. प्रत्येक केंद्राला मोजक्या जागा मिळतात, कोठे तर एक किंवा दोनच. अखेरच्या जागेसाठी बरोबरी झाली, तर पुन्हा एकेक होल खेळून निर्णय लागतो.

या व्यवस्थेतील मला भावलेली गोष्ट अशी, की त्या दिवशी केवळ फटके मोजले जातात. खेळाडू कोणाचा कोण, गतवर्षी तो किती हरला, त्याच्याविषयी जाणकारांचे मत काय, हे गुणपत्रिकेवर लिहायला जागाच नसते. त्यामुळे दार सर्वांना सताड उघडे आहे असे नाही. अट कडक आहे. परंतु ते दार कोणाच्या अंदाजावरून बंद होत नाही. या दारातून आत येऊन अजिंक्यपद पटकावणारेही झाले आहेत. २००५ साली न्यूझीलंडचा मायकेल कॅम्पबेल इंग्लंडमधील पात्रता फेरीतून आला आणि टायगर वुड्सला मागे टाकून विजेता ठरला. २००९ साली ल्यूकस ग्लोव्हरने अशीच वाट चालून ही स्पर्धा जिंकली.

अशा फेरीतून पुढे गेलेल्या तीन खेळाडूंची बालपणे मला एक बालरोगतज्ज्ञ म्हणून विशेष महत्त्वाची वाटतात.

तोतरा मुलगा

केन व्हेन्चुरी हा सॅन फ्रान्सिस्कोचा, जन्म १९३१ चा. लहानपणी त्याला तीव्र तोतरेपणा होता. हा मुलगा कधीच नीट बोलू शकणार नाही, असे शाळेतून त्याच्या आईला सांगण्यात आले होते. संघात बोलावे लागते म्हणून तो एकट्याने खेळायच्या गोल्फकडे वळला आणि सराव करता करता स्वतःशीच बोलण्याचा अभ्यास करू लागला. पुढे तो नामांकित खेळाडू झाला. परंतु दुखापत आणि अपयश यांमुळे काही वर्षांतच मागे पडला. १९६४ साली त्याला यू. एस. ओपनसाठी स्थानिक आणि अंतिम अशा दोन्ही पात्रता फेऱ्या खेळाव्या लागल्या. तो पात्र ठरला.

त्या काळी मुख्य स्पर्धेच्या शेवटच्या दिवशीही ३६ होल खेळावे लागत. वॉशिंग्टनजवळच्या काँग्रेशनल क्लबवर त्या दिवशी उष्णतामान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास होते. सकाळच्या फेरीत ६६ फटक्यांचा उत्तम खेळ करूनही व्हेन्चुरीला शेवटी थरथर सुटली. डॉ. जॉन एव्हरेट यांनी त्याला तपासले आणि पुढे खेळणे जिवावर बेतू शकते, असे स्पष्ट सांगितले. व्हेन्चुरीने ऐकले नाही. तेव्हा डॉ. एव्हरेट दुपारच्या फेरीत त्याच्यासोबत मैदानावर चालत राहिले. व्हेन्चुरीने ७० फटक्यांत ती फेरी पूर्ण केली आणि चार फटक्यांच्या फरकाने अजिंक्यपद मिळविले. पुढच्याच वर्षापासून ही स्पर्धा चार दिवसांत विभागली गेली.

आजच्या ज्ञानाप्रमाणे उष्माघाताच्या उंबरठ्यावरील खेळाडूला मैदानावर जाऊ देणे योग्य नव्हे. व्हेन्चुरी वाचला म्हणून ते धाडस अनुकरणीय ठरत नाही. माझे लक्ष डॉ. एव्हरेट यांच्या वर्तनाकडे आहे. त्यांनी धोका लपविला नाही आणि धोका सांगून पाठही फिरविली नाही. पुढे व्हेन्चुरीने सुमारे ३५ वर्षे दूरचित्रवाणीवर गोल्फचे समालोचन केले. ज्याच्या बोलण्याची आशा सोडण्यात आली होती, त्याची उपजीविका बोलण्यावर चालली.

जन्मजात व्यंगाचा पाय

दुसरा खेळाडू केसी मार्टिन, जन्म १९७२. त्याच्या उजव्या पायात जन्मतःच क्लिप्पेल-ट्रेनॉने-वेबर सिंड्रोम होता. पायातील रक्त परत वर नेणाऱ्या शिरांची रचनाच सदोष, त्यामुळे सूज, वेदना आणि हाड मोडण्याची सततची भीती. ज्या फेरीत दिवसभर चालावे लागते, तीत असा खेळाडू टिकणार कसा? त्याने चाकाच्या गाडीतून फिरण्याची मुभा मागितली. वाद न्यायालयात गेला. २००१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी त्याच्या बाजूने निर्णय दिला: चालणे हा गोल्फच्या खेळाचा गाभा नव्हे. तत्पूर्वीच, १९९८ मध्ये, तो पात्रता फेरीतून यू. एस. ओपनमध्ये पोहोचला होता आणि संयुक्त २३ वा आला होता. २०१२ मध्ये, ओरेगॉन विद्यापीठात प्रशिक्षक असताना, वयाच्या चाळिसाव्या वर्षी तो पुन्हा पात्र ठरला. २०२१ साली अखेर तो पाय कापावा लागला. म्हणजे व्याधीने आपला क्रम सोडला नाही. निदान अचूकच होते. परंतु मधल्या काळात त्या माणसाने काय करावे, हे निदानाने ठरविले नाही.

मुदतीपूर्वी जन्मलेला मुलगा

तिसरा टॅड फुजिकावा, हवाई बेटांवरचा. तो मुदतीच्या जवळजवळ तीन महिने आधी जन्मला. जन्माचे वजन दोन पौंडांहून कमी, म्हणजे आपल्या हिशेबाने ९०० ग्रॅमच्या घरात. २००६ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, हवाईतील पात्रता फेरीत यशस्वी होऊन तो यू. एस. ओपनमध्ये दाखल झाला. तेथे त्याला पहिल्या दोन दिवसांपुढे जाता आले नाही. पण पुढील जानेवारीत सोनी ओपन या व्यावसायिक स्पर्धेत त्याने अखेरच्या फेऱ्यांपर्यंत मजल मारली. उंची पाच फूट एक इंच. २०१८ मध्ये त्याने आपण नैराश्याशी दिलेल्या झुंजीविषयी जाहीरपणे सांगितले. यशस्वी झालेल्या मुलाचीही विचारपूस थांबवू नये, एवढा बोध मी त्यातून घेतला.

एका उदाहरणावरून नियम काढू नये, हे शास्त्र आपण सारे जाणतो. मुदतीपूर्वी जन्मलेले प्रत्येक मूल खेळाडू होईल, असा माझा दावा नाही. काही मुले दगावतात, काहींना कायमचे अपंगत्व येते. माझे म्हणणे इतकेच, की नवजात अतिदक्षता विभागातील पहिल्या आठवड्यात आपण जे भाकीत करतो, ते समूहाविषयीचे असते. समोरच्या बालकाची गुणपत्रिका अजून कोरी असते.

माझी चूक

हे मी आज लिहितो आहे. पण २००१ साली मला याची जाणीव नव्हती. एम. डी. होऊन तेव्हा मला चारच वर्षे झाली होती. तीस आठवड्यांचे, ११५० ग्रॅम वजनाचे एक बाळ माझ्या देखरेखीखाली महिनाभर झुंजले आणि वाचले. घरी सोडताना त्याच्या आजीने विचारले, “डॉक्टरसाहेब, हा शाळेत जाईल ना हो?” त्या रात्री मी फार थकलेलो होतो. शिवाय आशा लावून पुढे बोल ऐकण्यापेक्षा आधीच सावध करावे, असेही मनात असावे. मी म्हणालो, “आजी, जगला हेच पुष्कळ समजा. पुढची फार आशा धरू नका.” हातातल्या कार्डावर मात्र मी नियमाप्रमाणे लिहिले होते: चार दिवसांत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी.

ती मंडळी आली नाहीत. मीही चौकशी केली नाही. पाच महिन्यांनी आई बाळाला घेऊन आली, कारण ते दिव्याकडे पाहत नव्हते. मुदतपूर्व बालकांत होणारा दृष्टिपटलाचा विकार, आर. ओ. पी., शेवटच्या अवस्थेला पोहोचला होता. दोन्ही पडदे सुटले होते. वेळीच लेसर उपचार झाला असता, तर दृष्टी वाचण्याची चांगली शक्यता होती. तपासणीला का आला नाहीत, असे मी जरा चढ्या आवाजातच विचारले. आजी शांतपणे म्हणाल्या, “तुम्हीच म्हणालात, आशा धरू नका. मग डोळे कशाला तपासायचे, असं वाटलं.”

त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. कार्डावरील माझे अक्षर त्यांनी वाचले नाही. माझे तोंडचे वाक्य त्यांनी ऐकले. तो मुलगा पुढे अंधशाळेत शिकला, पदवीधर झाला आणि आज एका बँकेत नोकरी करतो. त्याची बुद्धी तल्लख आहे. म्हणजे ज्या बाबतीत मी भाकीत केले, तेथे ते चुकले. आणि जे टाळता आले असते, ते त्या भाकितामुळे घडले. मी त्या मुलाला, तो सज्ञान झाल्यावर, हे सर्व सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “काका, दुसऱ्या कुणाला असं सांगू नका.” हा लेख त्या शब्दाखातर आहे.

आपण काय करावे

तरुण वैद्यकबंधूंसाठी आणि भगिनींसाठी काही गोष्टी सूत्ररूपाने मांडतो.

१. मुदतीच्या ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या प्रत्येक बालकाच्या दृष्टिपटलाची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हावी. २८ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा १२०० ग्रॅमहून कमी वजनाच्या बालकाची दोन ते तीन आठवड्यांतच व्हावी. उपचाराची संधी काही दिवसांचीच असते.

२. श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, दोष वाटल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत निश्चित निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार, हा क्रम पाळावा.

३. मुदतपूर्व बालकाच्या विकासाचे टप्पे निदान दोन वर्षांपर्यंत सुधारित वयाने मोजावेत. तीन महिने आधी जन्मलेल्या बाळाने सहाव्या महिन्यात तीन महिन्यांच्या बाळासारखे वागणे हा मागासलेपणा नव्हे.

४. तोतरेपणा बहुसंख्य लहान मुलांत आपोआप जातो; टिकून राहिल्यास वाचोपचारतज्ज्ञाकडे वेळेवर पाठवावे. मुलाच्या देखत ‘हा असाच बोलणार’ असे म्हणू नये.

५. धोका अवश्य सांगावा. तो लपविणे हीही फसवणूकच. परंतु धोक्याच्या वाक्यापाठोपाठ पुढील भेटीची तारीख त्याच दमात सांगावी. ती तारीख चुकली, तर आपण होऊन दूरध्वनी करावा. २००१ साली तो एक दूरध्वनी मी केला नाही.

दरवर्षी जूनमध्ये यू. एस. ओपन येते, तेव्हा मी आधी पात्र ठरलेल्यांची यादी पाहतो. त्यांतील बहुतेक नावे पहिल्या दोन दिवसांनंतर दिसेनाशी होतात. तरीही पुढील वर्षी हजारो अर्ज येतात आणि स्पर्धेचे चालक ते स्वीकारतात. आपल्याकडे येणाऱ्या बालकांना अर्ज करता येत नाही; त्यांच्या वतीने आईबाप आपल्यासमोर बसतात आणि आपल्या चेहऱ्याकडे पाहतात. आपण त्यांना कठीण वाट कठीण आहे असे सांगावे, आणि डॉ. एव्हरेट यांच्याप्रमाणे दुपारच्या फेरीत त्यांच्यासोबत चालावे. त्या आजींना मी जे सांगितले ते परत घेता येत नाही. निदान माझ्यानंतर या व्यवसायात आलेल्यांनी तरी ते वाक्य उच्चारू नये, एवढीच विनंती.