रक्तवाहिन्यांचा फोटो आणि ‘डाय’ची भीती

केळव्याच्या वस्तीतील एक आत्या मागच्या महिन्यात मुंबईहून तपासणी न करताच परत आल्या. बारा वर्षांची शुगर, आता दोन्ही डोळ्यांना अंधुक दिसते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी “डाय टाकून फोटो काढू” म्हटले आणि आत्यांनी पिशवी उचलली. रविवारी वंदना झाल्यावर आम्ही विचारले, तर म्हणाल्या, “माझा पोरगा बोईसरला रंगाच्या कंपनीत आहे. घरी येतो तेव्हा बनियन पिवळं, नखं पिवळी. तोच रंग नसेत घालून घेऊ काय?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तारापूर एमआयडीसीत रंग आणि रंगाचा कच्चा माल बनवणारे कारखाने आहेत, आणि तिथली पावडर अंगावर, श्वासात जाणे वाईटच. पण डोळ्यांसाठी टोचतात तो रंग वेगळा. त्याचे नाव फ्लुरोसीन. १८७१ मध्ये जर्मनीच्या अडॉल्फ फॉन बायर यांनी तो प्रथम तयार केला. इंजेक्शनसाठी तो शुद्ध आणि निर्जंतुक करून, मोजून देतात. साधारण ३ ते ५ मिलिलिटर.

डोळ्याच्या आतल्या पडद्यावर केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. शुगर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की त्यांच्या भिंती कमजोर होतात, झिरपू लागतात, काही बंद पडतात. दंडातून दिलेला फ्लुरोसीन दहा-पंधरा सेकंदांत डोळ्यापर्यंत पोहोचतो. कॅमेरा निळा प्रकाश टाकतो, रंग हिरवट-पिवळा उजळतो, आणि नळ कुठे गळतो आहे ते फोटोत दिसते. त्यावरून लेसर कुठे द्यायचा ते ठरवता येते. अमेरिकेत नोव्होट्नी आणि अल्विस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी ही पद्धत १९६१ मध्ये मांडली. बाबासाहेबांनाही मधुमेह होता, अखेरच्या वर्षांत त्यांची नजर फार अधू झाली होती. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर पाच वर्षांनी आलेली ही तपासणी आज आपल्या आत्यांना मिळते आहे, म्हणून ती टाळली याचे आम्हाला जास्त वाईट वाटले.

या इंजेक्शननंतर कातडी काही तास पिवळसर दिसते आणि लघवी दिवसभर गडद पिवळी-नारिंगी होते. कावीळ झाली असे समजून घाबरू नका. रंग मूत्रपिंडातून बाहेर पडतो आहे एवढाच त्याचा अर्थ. काहींना क्षणभर मळमळते. तीव्र ॲलर्जी क्वचित होते, तरी दमा असेल किंवा पूर्वी कुठल्या इंजेक्शनने अंग सुजले असेल तर आधी सांगा. हल्ली काही ठिकाणी रंग न टोचता, नुसत्या प्रकाशाने रक्तवाहिन्या दाखवणारे ओसीटीचे यंत्रही असते. आपल्याला ते चालेल का, हे विचारायला लाजू नका.

हृदयाच्या अँजिओग्राफीचा आणि सीटी स्कॅनचा डाय निराळा. त्यात आयोडीन असते, कारण आयोडीन एक्स-रे अडवते आणि नस पांढरी उठून दिसते. तो आत गेला की सर्वांगात ऊब पसरते, तोंडाला धातूची चव येते, लघवी झाल्यासारखे वाटते. मिनिटभरात हे जाते. हे आधी कोणी सांगत नाही आणि माणूस टेबलावरच घाबरतो. या डायसाठी मूत्रपिंडाची ताकद पाहतात, म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत ठेवा. शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर सांगा. मूत्रपिंड कमजोर असल्यास डॉक्टर ती दोन दिवस थांबवतात. स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका. घरात सिकलसेल असेल तर तेही सांगा. आपल्या विदर्भातल्या नातेवाइकांत आणि पालघरच्या आदिवासी पाड्यांत तो आजार आहे, आणि अनेकांना आपण वाहक आहोत हेच ठाऊक नसते.

किनाऱ्यावरचा म्हणून एक प्रश्न हमखास येतो: कोळंबी खाल्ली की अंगावर पित्त उठते, मग आयोडीनचा डाय चालेल का? कोळंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. डॉक्टरांच्या कानावर घाला, पण तेवढ्यासाठी तपासणी सोडू नका.

आता थोडे पुढचे. रात्री दिवा बंद करून मोबाइलची बॅटरी बोटाखाली धरा. बोट लाल दिसेल. पांढऱ्या प्रकाशातला निळा-हिरवा भाग रक्त-मांसात अडतो, लाल पार येतो. त्याच्याही पुढचा, डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश आणखी आत जातो. पण फ्लुरोसीनसारखा रंग उजळायला निळा प्रकाश लागतो. मग कातडीखालच्या नसा कशा पाहायच्या? मारिया गोपर्ट-मायर या शास्त्रज्ञ बाईंनी १९३१ मध्ये गणिताने दाखवले होते की प्रकाशाचे दोन कमजोर कण एकाच क्षणी रंगाच्या रेणूवर आदळले, तर दोघांची ताकद मिळून रेणू उजळू शकतो. जड दगड एकट्याने हलत नाही, दोघांनी एकदम जोर लावला की हलतो, तसे. लेसर आल्यावर १९९० मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात यावर सूक्ष्मदर्शक उभा राहिला. लेसरचा झोत जिथे एकवटतो तिथेच रंग उजळतो, बाकी अंधार, त्यामुळे चित्र स्वच्छ येते.

मात्र सुटा रेणू फार मंद उजळतो. म्हणून फ्रान्समधील ग्रेनोबल येथील शास्त्रज्ञांनी रंगाच्या असंख्य रेणूंचे बारीक स्फटिक केले आणि त्यावर सिलिकाचे, म्हणजे वाळू ज्याची असते त्याच पदार्थाचे, कवच चढवले. बहुतेक रंग दाटीत एकमेकांना विझवतात. घट्ट स्फटिकातही उजळणारे रेणू निवडणे हेच यातले खरे काम. असे स्फटिक नॅनोमीटरमध्ये मोजतात. आपली तांबडी रक्तपेशी सात-आठ हजार नॅनोमीटरची, त्यामुळे पन्नास-शंभर नॅनोमीटरचा स्फटिक सर्वांत बारीक नसेतूनही सहज जातो. उंदरांच्या रक्तवाहिन्या अशा स्फटिकांनी पाहिल्या गेल्या आहेत. माणसांच्या तपासणीत हे आलेले नाही, आणि प्रकाश जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास पोहोचतो, त्यामुळे छातीवरून हृदय दिसेल अशी आशा नको. कोणी ‘नॅनो’च्या नावाने शुगर किंवा ब्लॉकेज बरे करणारे औषध विकायला वस्तीत आला, तर त्याला चहाही पाजू नका.

सावकाशीला कारण आहे. १९३० च्या सुमारास थोरोट्रास्ट नावाचा डाय जगभर वापरात आला. त्यात थोरियमचे बारीक कण होते. फोटो सुंदर यायचे, रुग्णाला लगेच काही त्रास नसायचा. पण ते कण शरीराबाहेर पडेनात. यकृतात आणि प्लीहेत बसून जन्मभर किरण सोडत राहिले, आणि पुढच्या दशकांत अनेकांना यकृताचा कर्करोग झाला. तारापूरच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला किरणोत्सर्ग म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. नव्या स्फटिकांत थोरियम नाही, पण रक्तात सोडलेले बारीक कण यकृत आणि प्लीहाच पकडतात. किती दिवसांत, कोणत्या वाटेने ते बाहेर जातात, याचे उत्तर आधी हवे. आत्यांचा प्रश्नही वेगळ्या शब्दांत हाच होता. फ्लुरोसीनपुरते उत्तर आपल्याकडे आहे: दीड दिवसात, लघवीवाटे.

हे सगळे आम्ही त्यांना विहाराच्या पायरीवर बसून सांगितले. त्यांनी ऐकले, मग विचारले, “लुगड्याला डाग पडंल का?” सांडला तर पडेल, म्हणून जुने लुगडे नेसायचे ठरले. डोळ्यांत थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसते आणि उजेड सोसत नाही, म्हणून सून सोबत जाणार आहे. जुनी फाइल, क्रिएटिनिनचा रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटे आणि रेशन कार्ड पिशवीत भरून ठेवले आहे. मंगळवारी सकाळच्या लोकलने केळवे रोडहून निघायचे आहे.