सोहो : रद्द झालेल्या रस्त्याची गोष्ट

ओटिस हे नाव तुम्ही लिफ्टच्या दारावर वाचलं असेलच. या एलिशा ओटिसने माणसांसाठीची पहिली व्यावसायिक लिफ्ट १८५७ साली न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवे आणि ब्रूम स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या एका पाच मजली दुकानात बसवली. ती इमारत आजही उभी आहे. ती ज्या भागात आहे तो सोहो, म्हणजे 'साऊथ ऑफ हाउस्टन', हाउस्टन स्ट्रीटच्या दक्षिणेचा भाग.

इथल्या इमारतींची दर्शनी बाजू बिडाची. फाउंड्रीत भाग ओतायचे आणि जागेवर आणून बोल्टने जोडायचे. खांब सडपातळ, त्यामुळे खिडक्या मोठ्या. आत कारखाने आणि गोदामं. दुसऱ्या महायुद्धानंतर धंदे बाहेर गेले, मजले ओस पडले. आगी इतक्या लागत की अग्निशमन दलाचे लोक या भागाला 'नरकाचे शंभर एकर' म्हणत.

भाडं कमी, छत उंच, उजेड भरपूर. चित्रकार आणि शिल्पकार यांना आणखी काय हवं? पण कारखान्यांच्या भागात राहणं बेकायदा होतं. इन्स्पेक्टर आला की अंथरूण लपवायचं. रेक्टर आले की आपण कॉइल लपवतो, तसंच! १९६१ च्या सुमारास शहराने थोडी सूट दिली. दारावर 'ए.आय.आर.' म्हणजे 'आर्टिस्ट इन रेसिडन्स' अशी पाटी लावायची, म्हणजे आग लागलीच तर वर माणूस राहतो हे बंबवाल्यांना कळेल.

भाडं कमी राहायला आणखी एक कारण होतं. रॉबर्ट मोझेस यांना ब्रूम स्ट्रीटवरून महामार्ग न्यायचा होता. हॉलंड बोगदा एका टोकाला, ईस्ट रिव्हरवरचे दोन पूल दुसऱ्या टोकाला. जी इमारत उद्या पडणार, तिच्यावर पैसा कोण घालणार? जेन जेकब्स आणि रहिवाशांनी विरोध केला. या बाईंकडे इंजिनिअरिंगची सोडाच, कुठलीच पदवी नव्हती. १९६२ मध्ये योजना फेटाळली गेली, पुन्हा डोकं वर काढलं, आणि अखेर १९६९ मध्ये रद्द झाली.

१९७१ मध्ये कलाकारांना तिथे कायदेशीर राहता येऊ लागलं. १९७३ मध्ये भाग वारसा म्हणून संरक्षित झाला. कलाकार जिंकले! पण आता जागेची भीती गेली, आणि भाव चढले. बड्या पगाराचे लोक आले, मागोमाग महागडी दुकानं. १९६८ मध्ये तिथे सुरू झालेली पॉला कूपर गॅलरी १९९६ मध्ये चेल्सी भागात गेली. तिच्यासारख्या बऱ्याच गेल्या. १९८२ च्या लॉफ्ट कायद्यामुळे काही जुने भाडेकरू टिकले, एवढंच.

म्हणजे बीड वाचलं, पण ज्यांनी त्यात जीव आणला त्यांच्यापैकी पुष्कळांना जावं लागलं. आपण उद्या रस्ते आखू, जुन्या गिरण्या दुरुस्त करू. तेव्हा बीमवर किती लोड येईल हे काढूच. पण काम झाल्यावर तिथलं भाडं कोणाला झेपेल, हेही एकदा मांडून बघायला हवं.